बोधेमामांची शेड

“माझ्या पोरीच्या मांडवाला घरपट्टी लावलीय मेल्यांनी,” शेवंताकाकी पोळ म्हणाल्या आणि नगरपालिकेची नोटीस त्यांनी माझ्या छापखान्याच्या काउंटरवर आपटली.

मी नोटीस वाचली. जुनी घरपट्टी एक हजार आठशे चाळीस रुपये, नवी चार हजार तीनशे दहा. खाली बांधकामाचा तपशील होता. पहिल्या ओळीत दोन खोल्या आरसीसी, दुसऱ्या ओळीत एक खोली कौलारू, आणि तिसऱ्या ओळीत पत्रा शेड, तीनशे साठ चौरस फूट.

“काकी, शेड कधी बांधलीत?”

“कुठली शेड? अंगणात एक तुळस आहे आन् एक शेळी. शेळीला शेड म्हणतात का गं इंग्रजीत?”

नोटिशीला एक रंगीत फोटो जोडला होता. ड्रोनमधून काढलेला. घरासमोर पत्र्यांचा एक चकचकीत चौकोन दिसत होता आणि त्याभोवती कोणीतरी कॉम्प्युटरवर लाल रेघ ओढली होती. कोपऱ्यात तारीख होती, सतरा मे.

काकींच्या स्वातीचं लग्न अठरा मेला झालं. पत्रिका मीच छापली होती, चारशे प्रती, मरून रंगाचं कार्ड. सतराला हळद होती. आमच्याकडे मे महिन्यात मांडववाले वरून कापड घालत नाहीत, पत्रे घालतात. संध्याकाळी कधी वळीव येईल सांगता येत नाही. खालून तो मांडव असतो, झालरी असतात, केळीचे खांब असतात. वरून मात्र ती शेड दिसते.

“हा तर मांडवच आहे,” मी म्हणाले.

“मग मी काय सांगतेय तुला मगापासून?”

संध्याकाळपर्यंत तसेच चौदा जण येऊन गेले. सगळ्यांच्या घरी त्या आठवड्यात लग्न होतं. आठवडा संपेपर्यंत आकडा एकशे तेहतीसवर गेला. पिंपरणीसारख्या गावात त्या तीन दिवसांत एकशे तेहतीस मांडव उभे होते, आणि पुण्याच्या एका कंपनीने नेमक्या त्याच तीन दिवसांत ड्रोन उडवला होता. ड्रोननंतर कंपनीच्या माणसाने प्रत्येक घरी जाऊन खात्री करायची, घरमालकाची सही घ्यायची, असं करारात होतं. त्याचे घरटी पैसे कंपनीला मिळाले होते. आम्ही ते फॉर्म मागवले. प्रत्येकावर सही होती. शेवंताकाकींची सही इंग्रजीत होती, वळणदार. काकी अंगठा लावतात.

तेव्हा गावात नागरिक कृती समिती निघाली. अध्यक्ष दिनकर खलाटे. त्यांचं सिमेंट आणि पत्र्यांचं दुकान होतं, एकदा नगरसेवकही होते. आवाज मोठा, ओळखी दांडग्या. मोर्चा त्यांनी चांगला काढला, हे मी मान्य केलंच पाहिजे. सहाशे माणसं होती. बायका पुढे, हातात थाळ्या. घोषणा मी लिहून दिल्या होत्या आणि फलकही मीच छापले होते. मुख्याधिकाऱ्यांनी दोन तास कोणाला भेट दिली नाही. मग खलाटे एकटे आत गेले आणि वीस मिनिटांनी हसत बाहेर आले.

“झालं काम!” ते पायरीवरून ओरडले. “जिल्ह्याहून अधिकारी येणार. सुनावणी होणार. ज्याच्या घरी त्या दिवशी मांडव होता त्यानं लग्नपत्रिका जोडायची. पत्रिका दिसली की शेड रद्द!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. शेवंताकाकींनी माझा दंड धरला आणि विचारलं, “आन् हे लोक येऊन बघत का न्हाईत? दोन पावलांवर तर घरं आहेत.”

“पत्रिका आहे ना काकी तुमच्याकडे? मग झालं.”

“आहे. पण शेड न्हाय हे मी का दाखवायचं?”

मी छापखान्याकडे वळले. मला घाई होती. एकशे तेहतीस हरकत-अर्ज टाइप करायचे होते.

पुढचे दहा दिवस छापखान्यात नुसती रांग. पत्रिका कोण जपून ठेवतं? कोणी देवघरातली काढून आणली, हळदीकुंकवाचे डाग पडलेली. एकानं दूधवाल्याचा हिशोब पाठीमागे लिहिलेली आणली. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना मी माझ्या कॉम्प्युटरमधून जुनी फाइल काढून नवीन प्रत छापून दिली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

पाचव्या दिवशी खलाटे आले. काउंटरला कोपर टेकून हळू आवाजात बोलले.

“ताई, एक पत्रिका करायची आहे. सतरा मेची.”

“कोणाचं लग्न?”

“लग्न कोणाचं नाही. माझ्या गोडाऊनपुढं शेड आहे की नाही? बाराशे फूट. आता सगळ्यांच्या शेडी जाणारच आहेत, त्यात माझी एक जाईल.”

“भाऊ, ती खरी शेड आहे.”

“अहो, ह्या लोकांनी खोट्या शेडींचे पैसे लावले, तेव्हा त्यांना लाज वाटली का? आपण एक परत केली, एवढंच. आणि मोर्चाचे फलक, बॅनर, सगळं बिल समितीकडून मीच देणार आहे ना तुम्हाला?”

मी छापून दिली. त्यांच्या पुतण्याचं नाव घातलं, तो दुबईत होता. त्यानंतर खलाटेंनी आणखी नऊ जण पाठवले. सगळे समितीचे, सगळ्यांच्या शेडी पक्क्या, लोखंडी अँगलच्या. मी प्रत्येकाची पत्रिका वीस मिनिटांत केली. जुनी फाइल उघडायची, नावं बदलायची, तारीख बदलायची, एक प्रत काढायची. एकूण अर्ज एकशे त्रेचाळीस झाले आणि अशा पत्रिका दहा.

अकरावी बोधेमामांची.

हणमंत बोधे एसटीत मेकॅनिक होते, निवृत्त झालेले. त्यांचं घर नगरपालिकेच्या अगदी मागे, मधे फक्त एक गटार आणि बोळ. मी लहान असल्यापासून त्यांना मामा म्हणते, त्यांच्या बायकोला सुमनमामी. त्यांचा एकुलता मुलगा योगेश माझ्याच वर्गात होता. पाच मेला महामार्गावर एका टँकरने त्याच्या मोटरसायकलला उडवलं. सतरा मेला त्याचा तेरावा होता.

त्या तेराव्याला मी होते. अंगणात मांडव घातला होता, वर पत्रे. जेवणाच्या पंगती बसल्या होत्या तेव्हा डोक्यावर भुणभुण आवाज आला. पोरं बाहेर पळाली, “ड्रोन! ड्रोन!” म्हणून ओरडायला लागली. लग्नात शूटिंगला ड्रोन आणायची फॅशन नुकती सुरू झाली होती. कोणीतरी चिडून शिवी घातली. सुमनमामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. वर न बघताच त्या म्हणाल्या, “असूदे. कुणाचं तरी लग्न असेल.”

मामांच्या नोटिशीत शेड होती दोनशे चाळीस चौरस फूट.

अर्ज टाइप करून घ्यायला ते आले तेव्हा मी विचारलं, “मामा, पुरावा काय जोडू?”

“कशाचा?”

“मांडव होता त्याचा.”

“मांडव होता का नव्हता ह्याच्याशी त्यांना काय करायचंय? शेड आहे का नाही, एवढं बघायचं. लिही. माझ्या अंगणात शेड नाही. येऊन पाहावे.”

“एवढंच?”

“ह्याच्यापेक्षा जास्त काय असतं?”

“मामा, मृत्यूचा दाखला जोडू या का? तारखेवरून तेरावा कधी ते कळेल. साहेब माणूसच असेल, समजून घेईल.”

मामांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला. “पोराच्या दाखल्यावर पट्टी माफ करून घेऊ? मी चौतीस वर्षं गाड्या पास केल्या, सुलभा. गाडीखाली झोपल्याशिवाय एकदाही सही केली नाही. पावसात, चिखलात झोपलोय. ह्यांना गटार ओलांडायचंय फक्त.”

मी त्यांनी सांगितलं तसं टाइप केलं. टायपिंगचे दहा रुपये त्यांनी मोजून ठेवले.

सगळे अर्ज समितीमार्फत एकदम जाणार होते. गठ्ठा तपासताना खलाटेंना मामांचा अर्ज दिसला आणि ते तडक माझ्याकडे आले.

“हे काय? पत्रिका नाही, काही नाही. हा नक्की उडणार.”

“त्यांच्याकडे लग्न नव्हतं, भाऊ.”

“मला माहीत आहे काय होतं ते. मीही होतो जेवायला.” ते खुर्ची ओढून बसले. “पण तिथं रकाना काय आहे? पत्रिका आहे, पत्रिका नाही. बस. म्हातारा उद्या तिथं उभं राहून नियम शिकवणार, साहेब बिथरणार, आणि त्याच्यामागं आपण सगळे. पेन्शन किती त्यांची, माहितीय? दोन हजारांची पट्टी साडेतीन करून ठेवलीय. त्यांचंच भलं आहे. एक पत्रिका करून टाका.”

“मामांना विचारायला हवं.”

“विचारलं तर हो म्हणतील का ते?”

“नाही.”

“मग नका विचारू. वाचतंय कोण? तारीख बघतात आणि टिक मारतात.”

हे खरं होतं. पत्रिका कोणी वाचत नव्हतं. आणि खलाटे म्हणाले तसं मलाही वाटत होतं, की मामांचं भलंच होईल. मी दुपारी एका जुन्या पत्रिकेची फाइल उघडली. वर श्री भैरवनाथ प्रसन्न घातलं, कारण बोध्यांचं कुलदैवत भैरवनाथ आहे हे मला माहीत होतं. चि. योगेश असं टाइप केलं. वधूचं नाव बदलायला हवं होतं, पण काय घालायचं ते सुचेना. फाइलमध्ये होतं तेच राहू दिलं. अश्विनी. तारीख सतरा मे, गोरज मुहूर्त. एक प्रत काढली आणि खलाटेंनी ती अर्जाला टाचली.

सुनावणी नगरपालिकेच्या पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात होती. ऑक्टोबर महिना, ऊन कडक. पुढे टेबलामागे जिल्ह्याहून आलेले अधिकारी, त्यांच्या बाजूला कर विभागाचा लिपिक चिंचकर. चिंचकर नाव पुकारायचा, फाइल उघडायचा, “पत्रिका आहे साहेब,” म्हणायचा. साहेब शिक्का मारायचे, मान्य. एकेकाला मिनिटभर. लोक बाहेर जाताना हसत होते. खलाटे दाराशी उभे राहून प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारत होते.

साहेबांच्या पाठीमागच्या भिंतीला तीन खिडक्या होत्या. मधल्या खिडकीतून बोधेमामांचं अंगण दिसत होतं. मी बाजूच्या भिंतीशी उभी होते, मला स्पष्ट दिसत होतं. शहाबादी फरशी, कडेला जास्वंद, दोरीवर वाळत घातलेली मामींची हिरवी साडी. वर आभाळ.

“अठ्ठावन्न. हणमंत विठोबा बोधे.”

मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. टेबलासमोर उभे राहिले.

“बोला,” साहेब म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही.

“साहेब, माझ्या अंगणात शेड नाही.”

“पत्रिका?”

“पत्रिका नाही. तुमच्या मागं खिडकी आहे. मधली. तिच्यातून बघा. ते हिरवं लुगडं वाळतंय ना, ते माझं अंगण. शेड असेल तर डबल पट्टी लावा.”

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

“आजोबा, सुनावणी कागदावर चालते. खिडकीवर नाही.”

“कागदावर तर शेड आहे साहेब. म्हणून तर मी आलोय. कागद चुकला का बरोबर, ते बघायला बाहेरच बघावं लागेल ना?”

“स्थळपाहणी झालेली आहे. तुमची सही आहे फॉर्मवर.”

“ती माझी नाही.”

“ते तुम्ही सिद्ध करा. माझ्याकडे पंच्याऐंशी माणसं बाकी आहेत. पुरावा नसेल तर—”

“आहे की, साहेब!” चिंचकर म्हणाला. त्याला फाइलमध्ये कार्ड सापडलं होतं. “पत्रिका जोडलीय. आजोबा, विसरलात काय? ऐन सतरा मे.” आणि मामांची अडचण सोडवल्याच्या आनंदात तो मोठ्यानं वाचायला लागला. “श्री भैरवनाथ प्रसन्न. चि. योगेश, श्री. हणमंत विठोबा बोधे यांचे चिरंजीव, आणि चि. सौ. कां. अश्विनी. गोरज मुहूर्त, सहा वाजून बावन्न मिनिटं. अहो, हे बघा खाली काय लिहिलंय. आमच्या दादाच्या लग्नाला नक्की यायचं हं!”

ती शेवटची ओळ मी काढायला विसरले होते. जुन्या पत्रिकेत कोणाच्या तरी लहान बहिणीची म्हणून घातलेली ओळ. फाइलमध्ये तळाला, बारीक अक्षरात.

सभागृहातलं हसू थांबलं. गावातल्या माणसांना योगेश कोण ते माहीत होतं. चिंचकर तालुक्याहून बदलून आलेला, त्याला माहीत नव्हतं. तो अजून हसत होता.

“मग झालं,” साहेब म्हणाले आणि शिक्का उचलला. “मान्य. पुढचा.”

“थांबा,” मामा म्हणाले. त्यांनी हात पुढे केला. चिंचकरनं कार्ड दिलं. मामांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं, गाडीचा कागद तपासावा तसं, वरपासून खालपर्यंत. तळाशी माझ्या छापखान्याचं नाव होतं. ते मागे वळले. मी कुठे उभी आहे ते त्यांनी शोधलं.

“सुलभा,” ते म्हणाले, “ही मुलगी कोण?”

माझी नजर त्या कार्डावर गेली.

“अश्विनी कोण?”

“कोणी नाही, मामा. मी छापलं.”

मामांनी कार्ड टेबलावर ठेवलं. “साहेब, हा कागद माझा नाही. माझा मुलगा पाच मेला गेला. सतराला तेरावा होता. मांडव तेराव्याचा होता. पण मी तेही लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं, येऊन पाहावे.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. “म्हणजे खोटा पुरावा दाखल केला तुम्ही?”

“मामांनी नाही केला,” मी पुढे होऊन म्हणाले. “त्यांना माहीत नव्हतं. छापला मी.”

“आणि अर्जाला जोडला कोणी?”

खलाटे दाराशी होते. त्यांनी माझ्याकडे पाहून नाही म्हणून मान हलवली, अगदी थोडी.

“जोडणाऱ्याचं नंतर बघू,” साहेब म्हणाले. “आधी हे सांगा. अशा आणखी किती छापल्या?”

भीती होती, पण नुसती भीती नव्हती. त्या माणसाची खुर्ची खिडकीपासून चार फुटांवर होती. सत्तावन्न माणसं त्याच्यासमोर उभी राहून गेली होती आणि त्यानं एकदाही मान वळवली नव्हती. आणि मी त्याच्यासाठी अकरा वेळा वीस-वीस मिनिटं बसून कागद तयार केले होते.

“सांगते,” मी म्हणाले. “आधी तुम्ही उठून खिडकीतून बघा.”

“बाई, तुम्ही कोणाशी बोलताय—”

“बघा ना साहेब,” मागून शेवंताकाकींचा आवाज आला. “मान मोडतीय का?”

मग आणखी दोघंतिघं बोलले. मग सगळेच. बघा. बघा. उठा आणि बघा. बाक वाजायला लागले. साहेब उठले. खिडकीपाशी गेले. गजांना हात लावून उभे राहिले. आम्ही सगळे त्यांच्या पाठीकडे बघत होतो. खाली मामी दोरीवरची साडी काढत होत्या.

ते परत येऊन खुर्चीत बसले. रुमालानं मान पुसली.

“दिसलं?” मामांनी विचारलं.

“मला दिसलं,” साहेब म्हणाले. “पण मला दिसलेलं मी लिहू शकत नाही. माझ्यापुढं जो कागद आहे त्यावर मला निर्णय द्यावा लागतो. आणि कागद खोटा आहे.” त्यांनी मान्यचा शिक्का बाजूला ठेवला, दुसरा उचलला आणि मामांच्या अर्जावर मारला. नामंजूर. मग माझ्याकडे वळले. “किती?”

“अकरा,” मी म्हणाले. “हा धरून.”

“ए बाई!” खलाटे दारातून ओरडले. “शुद्धीवर आहेस का?”

“आणि पहिली तुमचीच, भाऊ. दुबईतल्या पुतण्याची.”

पुढचा अर्धा तास काय झालं ते सलग सांगता येणार नाही. खलाटे मला मारायला धावले आणि लोकांनी त्यांना धरलं. कोणी खुर्ची फेकली. चिंचकर फायली छातीशी धरून कोपऱ्यात उभा होता. ज्यांच्या पत्रिका खऱ्या होत्या तेही माझ्यावर ओरडत होते, कारण आता त्यांच्याकडेही संशयानं बघणार होते. शेवटी साहेबांनी जाहीर केलं की पत्रिका जोडलेल्या सगळ्या हरकती, आधी मान्य केलेल्याही, रोखल्या आहेत आणि घरोघर जाऊन प्रत्यक्ष मोजणी होईल.

म्हणजे मामा जे मागत होते तेच झालं.

त्याच रात्री खलाटेंसकट दहा जणांनी आपले अर्ज मागे घेतले. अर्ज मागे गेले, पत्रिकाही गेल्या, प्रकरण संपलं. त्यांनी आपल्या खऱ्या शेडींची पट्टी भरली. आठवड्याभरानं नगरपालिकेची माणसं टेप घेऊन निघाली. एकशे बत्तीस घरी गेली. एकशे बत्तीस शेडी रद्द झाल्या. शेवंताकाकींनी त्या मोजणीवाल्यांना चहा दिला आणि शेळीही मोजा म्हणून सांगितलं.

बोधेमामांच्या घरी टेप गेला नाही. त्यांची हरकत रोखलेल्यांत नव्हती, ती आधीच निकालात निघालेली. नामंजूर, कारण खोटा पुरावा. वकील म्हणाला, अपील करता येईल, पण आधी सगळी पट्टी भरा. अपीलात पहिला कागद तोच निघेल, ती पत्रिका. मामांनी अपील केलं नाही.

मला नोटीस आली, मी खुलासा दिला, दंड भरला. समितीनं मोर्चाचं बिल दिलं नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. मी मामांच्या घरी गेले तेव्हा मामी दारात आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. मामा बाहेर आले.

“मामा, मी तुमच्या भल्यासाठी—”

“माहितीय मला,” ते म्हणाले. “सगळ्यांनी भल्यासाठीच केलं. बघायला मात्र कोणी आलं नाही.”

ह्याला आठ वर्षं झाली. दर एप्रिलमध्ये बिल यायचं, तिसऱ्या ओळीत पत्रा शेड, दोनशे चाळीस चौरस फूट. पट्टी थकली तर नळ तोडतात, म्हणून मामा पूर्ण भरायचे. आणि बिल घेऊन माझ्याकडे यायचे.

“लिही,” म्हणायचे. “माझ्या अंगणात शेड नाही. सभागृहाच्या मधल्या खिडकीतून पाहावे. तसेच फाइलमधील लग्नपत्रिका परत मिळावी.”

मी टाइप करायचे. दहा रुपये काउंटरवर ठेवल्याशिवाय ते जायचे नाहीत. आवक शिक्का मारलेली पोच ते जपून ठेवायचे. आठ अर्ज झाले. तीन मुख्याधिकारी बदलले. उत्तर एकाचंही आलं नाही. सभागृहात मधे एसी बसवला आणि खिडक्यांना काळ्या काचा लावल्या.

यंदा एप्रिलच्या शेवटी मामा झोपेतच गेले. आठवा अर्ज देऊन बावीस दिवस झाले होते.

तेराव्याच्या आदल्या दिवशी बाळू मांडववाला अंगणात उभा राहून पावलं टाकून मोजत होता. मी भांडी उतरवून घेत होते.

“मामी, पत्रे किती टाकू? ऊन लई आहे. सोळा घेऊन येतो.”

“मांडव नको,” मामी म्हणाल्या.

“अहो, दोनशे माणूस येईल. मे महिना आहे.”

“नको म्हटलं ना.”

दुसऱ्या दिवशी साडेअकराला अंगण भरलं. फरशी तापली होती, सतरंजीतून चटका बसत होता. भटजी टॉवेल डोक्यावर घेऊन मंत्र म्हणत होते. म्हातारी माणसं भिंतीच्या चार बोटं सावलीत सरकत होती. शेवंताकाकींनी डोक्यावरून पदर ओढून घेतला होता. समोर नगरपालिकेच्या काळ्या काचा चमकत होत्या.

खलाटेही आले होते. त्यांनी घाम पुसत कोणाला तरी विचारलं, “मांडव का नाही घातला?”

मामींनी ते ऐकलं.

“कशाला घालायचा?” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “शेड आहे की अंगणात. नगरपालिकेत लिहिलंय. आठ वर्षं पट्टी भरली ह्यांनी तिची. बसा, सगळे शेडखाली बसा.”

कोणी उठलं नाही. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना घेरी आल्यासारखं झालं. मी पिशवीतून छत्री काढली आणि त्यांच्या डोक्यावर उघडली.

आठ वर्षांत मामी माझ्याशी नाव घेऊन बोलल्या नव्हत्या.

“सुलभा,” त्या म्हणाल्या, “छत्री मीट. शेडखाली छत्री उघडतात का?”